आभाळ पेलणारा राजा

एका राज्यात आभाळ म्हणजे एक बाई होती. तिचे पाय उगवतीला टेकलेले, बोटं मावळतीला, आणि ताऱ्यांनी मढलेलं अंग सगळ्या जगावर कमानीसारखं वाकलेलं. संध्याकाळी ती सूर्य गिळी, पहाटे त्याला पुन्हा जन्म देई. खाली भूदेव आडवा पहुडलेला. त्याच्या अंगावर माणसं नांगरीत, पेरीत, कापीत. दोघांच्या मधे वायुदेव हात वर करून उभा असे आणि आभाळमातेला पेलून धरी. थोरल्या देवळाच्या भिंतीवर हे सारं चितारलेलं होतं, आणि भिंतीवर जसं असेल तसंच जगात घडत असे.

त्या राज्याच्या सेनखेप राजाला मरणाचं फार भय. उरदेद मांत्रिकानं त्याला सांगितलं की जो आभाळ पेलतो त्याला मरण नाही. मग राजाच्या आज्ञेनं उरदेदनं भिंतीवरचा वायुदेव पुसला आणि त्याच्या जागी राजा रंगवला, देवाएवढा थोर. शेवटी डोळ्यात बाहुली भरली, आणि त्याच क्षणी सिंहासन रिकामं झालं. राजा भिंतीत गेला होता.

आधी लोकांनी उत्सव केला. मग ताडांचे शेंडे मोडू लागले. घारी खालून उडू लागल्या, पुढं उडेनाशा झाल्या आणि वाटेनं चालत जाऊ लागल्या. उरदेद उंच मनोऱ्यात राही. आभाळानं आधी त्यालाच चिरडलं. श्वास जड झाला. माणसं वाकून चालू लागली, आणि आया लेकरांना खांद्यावर घेईनाशा झाल्या.

राजकन्या नेहेत देवळात गेली. भिंतीतल्या बापाचे गुडघे वाकले होते. रंगातून घाम ओघळत होता. तिची चाहूल लागताच चित्रातला डोळा तिच्याकडे वळला.

उंबऱ्यावर बाकदार चोचीचा एक शराटी पक्षी उभा होता. तो म्हणाला, "आभाळ सावरायचं तर कामं तीन आहेत. आभाळमातेच्या पायाच्या नखाची निळी पूड आण. अंधारसर्पाच्या कातेची काजळी आण. तिसरं काम परतल्यावर सांगेन."

"आत्ताच सांग."

"आत्ता सांगितलं तर तू जाणार नाहीस."

त्या बोलण्याचं भय घेऊनच नेहेत निघाली. उगवतीला आभाळमातेचं पाऊल डोंगराएवढं टेकलं होतं. नेहेतनं शिंपल्यानं नख खरवडलं, तेव्हा ते पाऊल थरथरत असल्याचं तिला कळलं. खरवडल्यामुळं नव्हे, ते आधीपासूनच थरथरत होतं. आभाळही भ्यालं होतं.

मावळतीला, आभाळमाता जिथं सूर्य गिळी त्या जागेखालच्या गुहेत, अंधारसर्प वेटोळं घालून पडला होता. त्याला दिसत नसे. तो भय हुंगून भक्ष्य शोधी. नेहेतनं कातेला हात घातला तोच त्याचा जबडा तिच्या तोंडाशी आला.

"भ्यालीस. माझ्यामुळं?"

खोटं बोलण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या कामामुळं."

स्वतःखेरीज दुसऱ्या कशाच्या भयावर सर्पाचं पोट भरत नसे. त्यानं तोंड फिरवलं. नेहेतनं कात उचलली, बाहेर येऊन जाळली आणि काजळी धरली.

ती परतली तेव्हा आभाळ देवळाच्या कळसाला टेकलं होतं. शराटी म्हणाला, "आता बापाला पूस, आणि त्या जागी वायुदेव काढ."

"आणि बाबा?"

"चित्र पुसलं की माणूस पुसला."

नेहेत भिंतीशी बसली. वर कळस करकरत होता. तिच्यासमोर भूदेवाच्या अंगावर कापणी करणारी माणसं रंगवलेली होती, अंगठ्याएवढी. त्या राज्यात राजा मोठा काढीत, कुणबी लहान. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, की पुसण्याआधी बापाला तिथं, त्यांच्याएवढा काढला तर?

"तर जगेल," शराटी म्हणाला. "पण राजा म्हणून नाही."

तेव्हा भिंतीतून घोगरा आवाज आला. "लेकी, मला खाली घे."

नेहेतनं कापणीवाल्यांच्या ओळीत एक लहानसा माणूस काढला, हातात विळा दिला, डोळा मात्र रिकामा ठेवला. मग पदर भिजवून ती मोठं चित्र पुसू लागली. पाय गेले, छाती गेली. हात पुसले गेले आणि आभाळाला कुणाचाच आधार राहिला नाही.

देवळातली हवा गेली. छत तडकलं आणि फटींतून तारे आत घुसले, थंडगार, वाळूच्या कणांसारखे टोकदार. नेहेतला श्वास घेता येईना. तिनं निळ्या रंगानं देवाचे पाय काढले, छाती काढली, वर उचललेले हात काढले. काजळीत बोट बुडवलं आणि ती थबकली. आधी कुणाचा डोळा? एक बापाचा, एक जगाचा.

तिनं देवाचा डोळा भरला.

एक खोल श्वास ऐकू आला आणि आभाळ वर उचललं गेलं. नेहेत हुंदके देत गुडघ्यांवर कोसळली, आणि बोटाला उरलेल्या काजळीनं तिनं अंगठ्याएवढ्या माणसाचा डोळा काढला.

घारी पुन्हा उंच गेल्या. प्रजेनं नेहेतच्या मस्तकी मुकुट ठेवला. तो उतरवून ती नदीकाठच्या शेतांत बापाला शोधीत फिरली. तो एका बांधावर सापडला, इतर कुणब्यांसारखाच. विळा नीट धरता न आल्यानं बोट कापलेलं होतं.

"हात फार दुखतात गं," तो म्हणाला.

राणी त्याच्या शेजारी चिखलात बसली आणि दिवस मावळेपर्यंत त्याचे दंड चोळीत राहिली.