पावले पुसणारे गाढव

सदा धुक्यात बुडालेल्या एका जंगलात एक लांडगा राहत असे. दहा गाढवे आणि एक म्हातारे खेचर त्याच्या गुलामीत होते. दिवसभर ती ओढ्यातले दगड वाहून आणत आणि स्वतःच्याच गोठ्याभोवती भिंत रचत. रात्री बाहेर एक भयंकर प्राणी फिरतो, म्हणून ही भिंत, असे लांडग्याने त्यांना सांगितले होते. त्या प्राण्याला नाव नव्हते. गाढवे त्याला 'बाहेरचा' म्हणत, तेही हळू आवाजात. संध्याकाळी लांडगा राखणीला म्हणून निघून जाई, आणि थोड्याच वेळात भिंतीवर नखे घासल्याचा आवाज येई. तो आवाज सावकाश भिंतीभोवती फिरत राही. सकाळी लांडगा दमून परत येई, भिंतीच्या दाराच्या आत असलेल्या शिळेवर अंग टाकी आणि म्हणे, "मी होतो म्हणून बरं."

मग एका गाढवाचे काम सुरू होई. शेपटीला बोरीची फांदी बांधून त्याने शिळेपासून दारापर्यंत आणि पुढे भिंतीभोवती फिरायचे, म्हणजे जमिनीवरच्या सगळ्या खुणा पुसल्या जात. खुणा राहिल्या तर बाहेरचा त्यांच्या मागाने आत येईल, असे लांडगा सांगे. मान वर ठेवायची आणि मागे वळून पाहायचे नाही, हा नियम होता. पुसून होईपर्यंत बाकीच्यांनी गोठ्यातून बाहेर यायचे नव्हते. जमिनीवर काय लिहिले आहे ते गाढवाला कधी कळेल, हे लांडग्याच्या मनातही आले नाही.

ओढ्याच्या वाळूत एक टिटवी राहत होती. तिने एकदा गाढवाला विचारले, "रोज काय पुसतोस, ते कधी पाहिलंस का?" गाढव म्हणाले की ते पाहायचे नसते. टिटवीने वाळूत चार पावले टाकली. "मग माझी पाहा. माझ्यासाठी काही नियम नाही." त्या दिवसापासून पाठीवर दगड चढेपर्यंत ती त्याला शिकवू लागली. ससा दचकून थांबला की त्याची पावले खोल रुततात. पळणाऱ्या हरणाचे खूर फाकतात. दोघे सोबत चालले की ठसे शेजारी शेजारी उमटतात. एकेक खूण शिकायला गाढवाला आठवडा लागे. गोठ्यात सगळी त्याला हसत. "आले पंडित," एक दांडगे गाढव म्हणे. "आज शेणात काय लिहिलं होतं?"

एके दिवशी लांडग्याने खेचराचे गुडघे पाहिले आणि म्हणाला, "या पायांनी आता काही व्हायचं नाही." तिसऱ्या सकाळी खेचर नव्हते. बाहेरच्याने नेले, असे लांडग्याने सांगितले आणि डोळेही पुसले. त्या सकाळी फांदी ओढताना गाढवाने पहिल्यांदा मान खाली घातली. खेचराचे खूर दारातून बाहेर गेले होते. ते फाकलेले नव्हते. खेचर पळाले नव्हते. त्याच्या शेजारून दुसरी पावले चालली होती, आणि त्यांतल्या पुढच्या उजव्या पावलाला तीनच बोटे होती. गप्पा मारत जावे तसे दोघे झुडपांपर्यंत गेले होते. तीच तीन बोटे भिंतीभोवती गोल गोल फिरली होती, जिथे रोज नखे वाजत. लांडग्याचे एक बोट सापळ्यात तुटलेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

गाढवाने मागे वळून पाहिले. मागे जमीन कोरी होती. खेचराची शेवटची पावले त्यानेच पुसली होती. त्याचे स्वतःचेही एकही पाऊल कुठे नव्हते, जणू इतकी वर्षे ते इथे चाललेच नव्हते.

त्यानंतर त्याला चारा गोड लागेना. एकदा आलेले वाचणे आता थांबवता येईना. ते टिटवीला म्हणाले, "तू शिकवलं नसतंस तर मी सुखात होतो."

त्याच आठवड्यात लांडग्याने एका म्हाताऱ्या गाढविणीचा लंगडा पाय पाहिला आणि तेच शब्द बोलला. या गाढविणीनेच आपल्या गाढवाला लहानाचे मोठे केले होते. गाढवाने रडत रडत तिला सगळे सांगितले. "असं बोलू नये, लेका," ती म्हणाली. "धनी नसते तर बाहेरच्याने आपल्याला केव्हाच खाल्लं असतं." बाकीच्यांनीही त्याला गप्प केले. तेव्हा गाढवाला कळले की सांगून भागणार नाही.

दुसऱ्या सकाळी लांडगा धुक्यातून आला आणि शिळेवर निजला. गाढवाने शेपटीला फांदी बांधलेली दोरी चावून तोडली, फांदी दातांत धरून बाजूला ठेवली आणि नाकाने गोठ्याचे दार ढकलले. गाढवे सवयीने माना वर करून बाहेर आली. लंगड्या पायामुळे गाढविणीला मात्र जपून पाऊल टाकावे लागे, म्हणून तिने खाली पाहिले. ती थांबली. मग एकेक जण खाली पाहू लागला. बाहेरच्याची पावले भिंतीभोवती फिरून दारातून आत आली होती आणि शिळेपाशी संपली होती.

"इथून पुढे तो कुठे गेला?" दांडग्या गाढवाने कुजबुजत विचारले.

"कुठेच नाही," गाढवीण म्हणाली. "इथेच आहे."

लांडग्याने डोळे उघडले तेव्हा दहा गाढवे त्याच्या पंजाकडे पाहत होती. "माना वर," तो म्हणाला. कोणीही मान वर केली नाही. त्याने दात दाखवले. मग त्याची नजर त्या चाळीस खुरांवर गेली आणि तो शिळेवर मागे मागे सरकला. गाढवे न धावता दारातून बाहेर पडली, पुढे लंगडी गाढवीण. आपले गाढव सर्वांत शेवटी निघाले. दर थोड्या वेळाने ते मागे वळून स्वतःची पावले पाहत होते.

मुलांनो, त्या धुक्यात संध्याकाळी अजून नखांचा आवाज येतो म्हणे. रिकाम्या गोठ्याभोवती तीन बोटांची पावले फिरत असतात. ती पुसायला आता कोणी नाही. वाटेने जाणारा प्रत्येक जण ती वाचतो.

तात्पर्य : वाचता येऊ लागले की आधी आपले दुःख कळते, पण एकाने वाचलेले सर्वांना वाचता आले, की गुलामी टिकत नाही.