उजाड सड्यावरची कुदळ

कुदळी बोलायच्या त्या काळची ही गोष्ट. आता त्या नुसत्याच खणतात.

एक कुदळ भर वैशाखात गुलमोहराचं रोप घेऊन उंच डोंगरावरच्या कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर गेली. सडा तापून काळा पडला होता. गवताची काडीही दिसत नव्हती.

"शी! काय ही उजाड जागा! बरं झालं, मी आले," म्हणत तिने पहिला घाव घातला.

"बाई, जरा हळू!" मातीतून आवाज आला. कंदीलफुलाचा सुपारीएवढा कंद बोलत होता. "आम्ही सगळे इथे खाली झोपलोय. पाऊस पडला की सडा फुलतो. दोन महिने थांबा आणि बघा. माझी जात तर जगात फक्त या सड्यावर होते, आणि तिच्यातला मी एकटाच उरलोय."

"दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसेल तुला!" कुदळ फिसकन हसली. "मला दिसत नाही ते नाहीच." तिने कंद उकरून उन्हात भिरकावला आणि खड्ड्यात रोप बसवलं.

"अहो, खाली वीतभरावर कातळ आहे. मी मुळं कुठे सोडू?" रोप कळवळलं.

"नखरे पुरेत," म्हणून कुदळ डोंगर उतरली.

पुढच्या वैशाखात ती परत आली. मधल्या पावसात सडा फुलून गेला होता, फक्त कंदीलफूल उमललं नव्हतं. यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. समोर गुलमोहराची वाळकी काटकी उभी होती.

कुदळीने नाक मुरडलं. "मी म्हणत नव्हते? इथे काही जगतच नाही."

आणि तिने शेजारी दुसरा खड्डा खणायला घेतला.