आवडूची वेल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पुळणवाडीत घरांपेक्षा माड जास्त होते. आता उलटं झालंय, पण ते राहू द्या.

त्या वाडीत आवडू नावाची, मासेमारांच्या घरातली एक गाबतीण होती. तिचा नवरा जानू गलबतावर खलाशी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तो लांबच्या सफरीला निघाला. आवडू किनाऱ्यापर्यंत सोबत गेली, आणि तिनं विचारलं, "कधी येशात?"

दर्यावर निघालेल्या माणसाला असं विचारू नये. पण नवी नवरी ती, तिला कोण सांगणार? जानू हसला. वाळूवर मर्यादवेल पसरली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही वेल पाण्याक टेकली काय मी इलंय म्हणान समज."

थट्टाच होती ती. मर्यादवेल कितीही पसरली तरी भरतीच्या रेषेशी थांबते. तीच समुद्राची मर्यादा, म्हणून तर तिला ते नाव. पण आवडूनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

रोज सकाळी ती वेलीची पेरं समुद्राच्या बाजूला रोवी आणि विहिरीचं पाणी घाली. पेरं मुळं धरत, वाऱ्याबरोबर आलेली वाळू वेल अडवी, आणि वाळूचा टेंब उंच होई. असं म्हणतात, की वेल रातोरात हातभर वाढे आणि समुद्र दोन हात मागं सरके. बिचारी! ज्याला गाठायला राबत होती, तेच लांब जात होतं.

जानू काही आला नाही. बंदर मात्र वाढलं. व्यापारी आले, वखारी आल्या. त्यांच्या भरावासाठी दक्षिणेकडचा टेंब बैलगाड्यांनी उपसला. मग गाड्या आवडूच्या टेंबाकडे वळल्या. गावकारही म्हणाला, यात गावाचं भलं आहे.

आवडू वेलीवर आडवी पडली. "आधी माका पुरा, मगे रेव न्हेवा! वेल गेली तर माझो घोव खंयच्या खुणेन येतलो?"

लोकांनी तिला वेड्यात काढलं. पण असं म्हणतात, की बैलांनी तिथून पुढे पाऊल टाकलं नाही, मारूनही नाही.

पुढं एका ज्येष्ठ अमावास्येला उधाण आलं, माडाएवढं. भर दुपारी दक्षिणेच्या वखारी वाहून गेल्या. सगळं गाव आवडूच्या टेंबामागं गोळा होऊन समुद्राला विनवू लागलं, "थांब रे बाबा, थांब!" आणि टेंबाच्या पुढं एकटी आवडू ओरडत होती, "ये रे, आणखी जरा ये!"

पाणी आलं आणि वेलीच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

आवडूनं शेंडा हातात धरला. एक हिसका दिला असता तर वेल पाण्याला टेकली असती. पण मुळं सुटली असती, वाळू सुटली असती, आणि मागं गाव होतं. तिनं वळून पाहिलं. तिला वेडी म्हणणाऱ्या बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. आवडूनं शेंडा पुन्हा वाळूवर ठेवला, आणि ओहोटी लागेपर्यंत तिथंच बसून ती रडली.

त्यानंतरही ती पेरं रोवत राहिली. म्हातारी झाली, आणि वेलीपाशीच तिनं डोळे मिटले.

आता हॉटेलवाले येतात, टेंबावर टेप लावून बघतात. त्यांना गावात एकच उत्तर मिळतं, "आवडूक इचारा." पाटीभर वाळू उचलायला कोणी हात लावत नाही. मुंबईला नोकरीला निघालेल्या पोरीलाही 'कधी येशील' असं कोणी विचारत नाही. ती जाताना एक पेर रोवून जाते.

आणि ज्येष्ठ अमावास्येला बायका टेंबावर जमतात. त्यांतली सगळ्यात म्हातारी पाण्यापर्यंत उतरते, ओंजळ भरते, आणि जपून चालत वर येऊन वेलीच्या शेंड्यावर ती ओतते. मग सगळ्याजणी म्हणतात, "टेकली गो आवडू, टेकली."

असं म्हणतात, की तेवढ्या वेळापुरतं लांब पाण्यावर एक शीड दिसतं. मला अजून दिसलेलं नाही. पण त्या वेळी सगळ्याजणी तिकडेच बघत असतात.