एकाहत्तर ओळी

फार पूर्वी एका बाभळीखालच्या वारुळात पाच हजार चाळीस मुंग्या राहत. कुणी बाहेर राहू नये म्हणून संध्याकाळी त्या सारख्या ओळी करूनच आत जात आणि बाभळीवरची खारूताई वरून ओळी मोजी. संख्याच अशी गुणी, की दोनदोनच्या करा नाहीतर दहादहाच्या, ओळी पुऱ्या भरत.

थंडीसाठी दार लिंपायच्या दिवशी चिंगी मुंगी तिथे आली. तिचं घर नांगराखाली मोडलं होतं.

"ओळीत बसलीस तर ये बाई," म्हातारी भागाबाई म्हणाली.

दोनदोनच्या ओळी केल्या. चिंगी एकटी उरली. तीनतीनच्या केल्या, तरी उरली. दहादहापर्यंत तेच.

"आली आणि सगळा मेळ बिघडवला!" कुणीतरी हसलं.

चिंगीला रडू फुटलं. "भागाबाई, आणखी लांब ओळी करून बघू या ना."

भागाबाईला दया आली. ओळी लांबत गेल्या. कधी तीन उरत, कधी दहा. सत्तरसत्तरच्या केल्या, तर पुन्हा चिंगी एकटीच उरली. ऊन उतरलं. शेवटी एकाहत्तरच्या केल्या. सगळ्यांत मागच्या ओळीत कोपऱ्याची एकच जागा रिकामी राहिली. चिंगी तिथे जाऊन उभी राहिली.

खारूताई मोजायचं विसरून बघतच राहिली. एकाहत्तर ओळी आणि प्रत्येक ओळीत एकाहत्तर मुंग्या! चारी बाजूंनी सारखा, असा चौकोन या अंगणात कधी झाला नव्हता.

"भागाबाई, हिला काढलंत तर कोपरा फाटेल हो!"

"काढतंय कोण?" भागाबाई म्हणाली. "चिंगे, कोपरा सांभाळ. चला आत."

दार आतून लिंपलं गेलं. मातीचा शेवटचा गोळा चिंगीने लावला.