पहिली प्लेट

कोर्टाच्या मागच्या बोळात मिसळीचं एक हॉटेल होतं. शहर कुठलं ते सांगत नाही, कारण असा बोळ आणि असं हॉटेल प्रत्येक शहरात असतं. टेबलं सहा. जागा नसली की अनोळखी माणसाच्या शेजारी सरकून बसायचं, अशी तिथली पद्धत. वकील, पक्षकार, पोलीस, भाजीवाल्या, सगळे एकाच बाकड्यावर नाक पुसत रस्सा ओरपायचे.

हॉटेलचे मालक नागनाथअण्णा. पण मालकी नावाची. मिसळ होती त्यांच्या बायकोची, सुलोचनाबाईंची. मसाला त्या भाजायच्या, वाटायच्या त्याच, फोडणीलाही दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. अण्णा पाव मांडायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. दोघांचं बरं चाललं होतं.

त्या हॉटेलाची एक रीत होती. सकाळची पहिली प्लेट बिडवेसाहेबांची. शटर अर्धंच वर असायचं. पद्माकर बिडवे त्याखालून वाकून आत यायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. सुलोचनाबाई स्वतः प्लेट आणून ठेवायच्या आणि पदराला हात पुसत समोर उभ्या राहायच्या. साहेब आधी नुसता रस्सा चमच्याने घ्यायचे. मग फरसाण न कालवता मटकी. मग काय ते सांगायचे. मीठ कमी असेल तर कमी. तिखट नुसतंच जिभेला लागतंय, पोटात उतरत नाहीये, तर तसं. सुलोचनाबाई मान डोलावून आत जायच्या आणि पातेल्यात काय करायचं ते करून यायच्या. साहेबांनी दुसरा घास घेऊन "चालू करा" म्हटलं की अण्णा शटर पूर्ण वर ढकलायचे. बाहेर ताटकळलेली माणसं आत घुसायची. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

हा मान साहेबांना उगीच मिळाला नव्हता. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. सराफापासून कोळसेवाल्यापर्यंत सगळी बाजारपेठ त्यांना वचकून असायची. तोंडावर खरं बोलणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि अशा माणसाला मित्र कमी असतात, तसे त्यांनाही कमीच होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा नमस्कार करणारे हातही निवृत्त झाले. उभ्या शहरात त्यांच्या एका शब्दासाठी कुणी थांबून राहतं अशी एवढी एकच जागा उरली होती. ते कोपऱ्यातलं टेबल.

मग सुलोचनाबाई गेल्या. दोन महिन्यांच्या दुखण्यात त्या गेल्या. अण्णा एकदम म्हातारे दिसू लागले.

दिवसकार्य आटोपल्यावर अण्णांनी हॉटेल उघडलं. पहाटे उठून मसाला स्वतः भाजला, वाटला, फोडणी दिली. साहेब वाकून आत आले. अण्णांनी प्लेट ठेवली आणि जिथे सुलोचनाबाई उभ्या राहायच्या तिथे उभे राहिले. हात पुसायला पदर नव्हता म्हणून सदऱ्याला पुसले.

"साहेब," अण्णा म्हणाले, "ती गेल्यापासून माझ्या तोंडाला चव म्हणून राहिली नाही. वास येत नाही. मीठ काय अन् साखर काय, सारखंच लागतं. आता सगळं तुमच्यावर."

साहेबांनी चमचा तोंडात घातला. रस्सा कडवट होता. खोबरं करपलं होतं. तांबूस झालं की उतरवायचं खोबरं अण्णांनी काळं पडेपर्यंत भाजलं होतं. ज्याने कधी मसाला भाजला नाही आणि ज्याला वासही येत नाही, त्याला ते कळणार कसं? चूक एवढीशी. "अण्णा, खोबरं लवकर उतरवा," एवढे चार शब्द पुरले असते.

ते चार शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आले. मग त्यांनी वर पाहिलं. अण्णांचे डोळे लाल होते. साहेबांना वाटलं, आज नको. आजच्या दिवशी या माणसाला हे ऐकवणं म्हणजे मेलेल्याला मारणं. उद्या सांगू.

"उत्तम," साहेब म्हणाले. "चालू करा."

अण्णा तोंड फिरवून रडले. आणि शटर वर गेलं.

उद्या काही सांगून झालं नाही. काल उत्तम म्हटलेली मिसळ आज कडू कशी म्हणायची? परवा तर आणखी कठीण. खोटं बोलणाऱ्याला सराव लागतो म्हणतात, साहेबांना आठवडाभरात झाला. आणि दया हे एकच कारण होतं असंही नाही. उगीच त्यांना देवमाणूस करायला नको. खरं सांगितलं आणि अण्णा दुखावले तर? उद्यापासून शटर अर्धं न ठेवता पूर्णच उघडलं तर? मग सकाळी साडेसातला जायचं कुठे, या विचाराने साहेब ते उद्यावर ढकलायचे. त्याला ते मनातल्या मनात माया म्हणायचे.

गिऱ्हाइकं बिचारी सुरुवातीला मुकाट्याने खात राहिली. शोकातल्या माणसाला काय बोलायचं? हॉटेलात कांदा चिरायला एक बाई होती, तिलाही करपट वास यायचा. पण साहेबांनी पास केलेली मिसळ, तिथे आपण कोण बोलणार, म्हणून ती गप्प. जो तो वर लिंबू जास्त पिळायचा, दही मागवायचा, अर्धी प्लेट ठेवून घाई असल्यासारखा उठायचा. जाताना मात्र प्रत्येक जण अण्णांना म्हणायचा, "झकास." अण्णा हात जोडायचे.

पावसाळा सरला तेव्हा बाहेर ताटकळणारी माणसं राहिली नव्हती. दिवाळीनंतर टेबलं रिकामी दिसू लागली. अण्णा स्वतःची समजूत घालायचे. कोर्टाला सुट्टी असेल. रस्ता खणलाय.

एके दिवशी परगावची एक बाई कोर्टाच्या कामाला आली होती, ती मिसळ खायला बसली. दोन घास खाऊन तिने प्लेट सरकवली.

"मालक, राग मानू नका," ती म्हणाली, "पण मसाला करपलाय तुमचा. कडू लागतंय."

 तीन-चारच माणसं होती, ती आपापल्या प्लेटमध्ये बघायला लागली. अण्णांचा चेहरा उतरला. ते कोपऱ्याकडे वळले. साहेब वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"साहेब, खरं आहे का हो?"

देव माणसाला दुसरी संधी देतो, ती अशी. वाढून ठेवलेली. साहेबांनी फक्त मान हलवायची होती. दोष सांगण्याचा वाईटपणाही त्या बाईने स्वतःकडे घेतला होता. पण मान हलवली तर अण्णांचा पुढचा प्रश्न काय असणार ते साहेबांना दिसत होतं. मग इतके दिवस तुम्ही काय सांगत होतात?

"त्यांच्याकडे मिसळीत गूळ घालतात," साहेब म्हणाले. "त्यांना आपलं तिखट कडूच लागणार. तुम्ही लक्ष देऊ नका."

अण्णांचा चेहरा उजळला. बाई उठून गेली. जाताना तिने साहेबांकडे असं पाहिलं की त्यांना वर्तमानपत्राचं पान उलटावं लागलं. त्या दिवशी त्यांना कळलं की आता आपल्याला परत फिरता यायचं नाही.

अण्णांनी मात्र त्या दिवसापासून खोबरं आणखी मन लावून भाजायला घेतलं.

साहेबांचं पोट काही खोटं बोलत नव्हतं. रोज सकाळी ती कडू प्लेट कशीबशी संपवायची आणि दिवसभर आंबट ढेकर द्यायचे, हे किती दिवस चालणार? दोन गल्ल्या सोडून एक नवं हॉटेल निघालं होतं. साहेब एकदा सहज म्हणून तिथे गेले. मग दुसऱ्यांदा गेले. मग रोजच जाऊ लागले. साडेसातला अण्णांकडे "उत्तम" म्हणायचं आणि साडेआठला तिकडे जाऊन जेवल्यासारखं खायचं. तिथे त्यांना अण्णांची सगळी जुनी गिऱ्हाइकं भेटली. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून अण्णांबद्दल हळहळ केली. त्यानंतर तेही करायचं राहिलं.

माघात एका सकाळी साहेब उठून गेल्यावर अण्णांकडे नऊपर्यंत एकही माणूस आला नाही. अण्णांनी कांदा चिरणाऱ्या बाईला बसायला सांगितलं आणि चपला घातल्या. आपली माणसं जातात तरी कुठे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

नव्या हॉटेलच्या दारात ते उभे राहिले. आत गर्दी. एकेक पाठ ओळखीची. वीस वर्षं वाढल्यावर माणूस पाठीवरूनही ओळखू येतो. अण्णांना बघून एकाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तो खाली ठेवेचना. दुसरा बुटाची नाडी बांधायला वाकला. आणि मधल्या टेबलाशी बिडवेसाहेब बसले होते. नाकाच्या शेंड्यावर घाम. वाटी वर धरून ते आत ओरडून सांगत होते, "अजून रस्सा आणा. गरम आणा."

अण्णा आत गेले. साहेबांच्या समोरची जागा रिकामी होती, तिथे बसले.

"कशी आहे, साहेब?"

साहेबांच्या हातातली वाटी तशीच राहिली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून खरं निघालं. "चांगली आहे."

"आणि आपली?"

 आजूबाजूचे चमचे थांबले होते.

"खोबरं करपतंय, अण्णा. जरा लवकर उतरवायला हवं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती आजारी होती तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो. म्हटलं, सगळं सांग, लिहून घेतो. तर म्हणाली, लिहून काय करणार, भाजताना तुमचा हात चुकणारच. चुकू द्या. साहेब आहेत ना. पहिली प्लेट त्यांच्यापुढे ठेवा आणि ते सांगतील तसं करत जा. म्हणून मी एक अक्षरही लिहून घेतलं नाही."

ते उठून गेले. साहेबांचा गरम रस्सा आला. तो त्यांना गिळवला नाही.

त्या रात्री साहेबांना झोप लागली नाही. सकाळी ते साडेसातला गेले. शटर अर्धं वर होतं. ते पाहून त्यांना हायसं वाटलं. आत अण्णांनी प्लेट तयारच ठेवली होती. ती समोर आणून ठेवली.

साहेबांनी रस्सा चमच्याने घेतला. त्यांचा हात थांबला. पुन्हा घेतला. कडवटपणाचा मागमूसही नव्हता. खोबरं वेळेवर उतरलं होतं. नऊ महिन्यांपूर्वीची, सुलोचनाबाईंच्या हातची मिसळ त्यांच्या तोंडात होती. साहेबांचे डोळे भरून आले.

"जमली, अण्णा," ते म्हणाले. "अगदी तशीच झालीय. वहिनींची. चालू करा."

अण्णा हलले नाहीत. ते साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रस्त्यात कुणी पत्ता सांगावा आणि तो खरा की खोटा ते ताडून बघावं, तसे.

"असंच म्हणत होता तुम्ही," अण्णा म्हणाले. "रोज."

"आज खरं सांगतोय. शपथ घेतो. तुमच्या गळ्याची शपथ."

"शपथ नका घेऊ. खरं असेलही." अण्णा खाली बसले. "पण मला कळणार कसं? माझ्या जिभेला काही कळत नाही. माझी जीभ तुमच्या तोंडात होती, साहेब. ती तुम्ही खोटी पाडली. बाकीचे तर तोंडावर झकास म्हणून निघून गेले. आता मी कुणाच्या जोरावर लोकांपुढे प्लेट ठेवू?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. 

अण्णांनी गॅस बंद केला. कांदा चिरणाऱ्या बाईला घरी जायला सांगितलं. पातेल्यावर झाकण ठेवलं. त्यांनी हॉटेल बंद केलं ते पुन्हा उघडलं नाही. वर्षभराच्या आत तेही सुलोचनाबाईंच्या मागे गेले.

त्या सकाळी पातेलंभर मिसळ झाली होती. पन्नास माणसं तृप्त झाली असती. तिची चव उभ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

तात्पर्य: ज्याने आपल्या शब्दावर डोळे मिटून विसंबायचं ठरवलं आहे, त्याला कडू ते कडूच सांगावं आणि पहिल्याच दिवशी सांगावं. त्याचं मन राखण्यासाठी बोललेलं खोटं त्याचं घर बुडवतं, आणि नंतर सांगितलेलं खरं त्याच्या उपयोगी पडत नाही.