सण होऊ दे

“...तूच सांग माय, एवढं सगळं करूनही घर हसत का नाही?”

लक्ष्मीपूजनाची दुपार होती. रंगनाथ निमसे मठाच्या ओसरीवर फराळाचा डबा ठेवून बसला होता. पंचक्रोशीत त्याच्या द्राक्षबागेला तोड नव्हती, आणि त्याच्या घरच्या दिवाळीलाही. हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या बोलण्यातही यायचं.

चंद्रामाय वाती वळत होती. गुरू गेल्यापासून मठात ती एकटीच राहायची.

“कोण हसत नाही?”

“सुकदेव. माझा धाकटा भाऊ. बहिणी आल्यात, भाचरं आलीत, आणि हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय. हाक मारली तर येतो, दोन घास चिवडतो, उठतो. बागेची छाटणी झालीय, रोग यायचे दिवस. फवारणी तोच बघायचा. आता पहाटे बाग मी बघायची, दिवसभर पाहुणे मी बघायचे.”

“झालं काय त्याला?”

“तेच तर कळत नाही! माल चांगला गेला. घरात कशाची कमी नाही. लग्न जमत नाही म्हणावं, तर गावातल्या निम्म्या पोरांचं जमत नाही. बहिणी थट्टा करतात, यंदा तरी बार उडवायचा का म्हणून. की हा उठून चालायला लागतो. चारचौघांत शोभतं का?”

मायच्या बोटांखाली वात फिरत राहिली.

“तू त्याला समजाव. तुझं ऐकेल तो. म्हणावं, सणापुरतं तरी हास.”

“तू हास,” माय म्हणाली.

“मी?”

“सणाचा दिवस आहे. हास.”

रंगनाथ मिशीतल्या मिशीत हसला.

“मोठ्यानं.”

त्याला ते विचित्र वाटलं. पण मायचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तो मोठ्यानं हसला. आवाज रिकाम्या ओसरीत घुमला आणि त्याचा त्यालाच परका वाटला.

“थांबू नकोस.”

तो पुन्हा हसला. मग पुन्हा... आणि मध्येच कुठेतरी ते हसू फाटलं. त्यानं उपरणं तोंडात कोंबलं, तरी हुंदका बाहेर आलाच.

मायनं वात खाली ठेवली. त्याला रडू दिलं.

“परवा पहाटे बागेत गेलो,” तो बऱ्याच वेळानं म्हणाला. “तर हा विहिरीच्या काठावर बसलेला. हाताला धरून आणला. कुणाला सांगितलं नाही. बायकोला, जिजालाही नाही.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“डोक्याच्या डॉक्टरला? घर पाहुण्यांनी भरलंय, माय. गावभर झालं असतं. मी त्याला म्हटलं... म्हटलं, सुकदेव, एवढा सण होऊ दे. मग बघू.”

“तो काय म्हणाला?”



“...बरं म्हणाला.”

रंगनाथनं उपरणं पुन्हा डोळ्यांना लावलं.

“म्हणून मी यंदा सगळ्यांना ठेवून घेतोय, माय. भाऊबीज झाली तरी जाऊ नका म्हणतोय. झोप लागत नाही मला. सण संपला की...”

“आत्ता कोण आहे त्याच्याजवळ?”

रंगनाथनं तिच्याकडे पाहिलं. करंज्या, आकाशकंदील, अंगणभर पोरं... तो एक एक जण आठवत गेला.

“कुणी नाही.”

माय उठली. वाती तशाच राहिल्या. मठातला दिवाळीचा दिवा तिनं आजवर कधी चुकवला नव्हता. तिनं दाराला कडी घातली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली.

“चल.”

गाडी अंगणात शिरली तशी बहिणी धावत आल्या. साक्षात माय घरी आली, तेही लक्ष्मीपूजनाला! जिजानं पायावर पाणी घालायला तांब्या आणला. माय कुणापाशी थांबली नाही. थेट मागच्या खोलीत गेली. रंगनाथ तिच्यामागे धावला.

सुकदेव होता. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

माय जमिनीवर बसली. दिवेलागण झाली तरी ती तिथेच होती. बाहेर पोरांचे फटाके वाजत होते आणि दर आवाजाला सुकदेवचा खांदा थरथरत होता.

“काय होतंय, बाळा?”

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि बसून राहिली.

रंगनाथ दारात उभा होता. धाकट्याला मांडीवर खेळवलं होतं त्यानं. आता त्याच्याजवळ जायला त्याचे पाय धजत नव्हते. मायनं थोडं सरकून जागा केली.

तो येऊन बसला. भावाच्या पाठीवर हात ठेवला. बनियनमधून हाडं हाताला लागली. एवढा कधी वाळला हा? रोज एका पंगतीला बसतो आपण.

“सुकदेव... मी चुकीचं बोललो रे परवा. सणानंतर नाही. उद्या सकाळीच नाशिकला जाऊ, डॉक्टरांकडे. मी सोबत येतो. आणि आज रात्री इथेच झोपतो, तुझ्याजवळ.”

सुकदेव वळला. डोळे कोरडे होते, खोल गेलेले.

“उद्या पाडवा आहे, दादा.”

“असू दे.”

“लोक विचारतील.”

“सांगू. भाऊ आजारी आहे म्हणून सांगू.”

सुकदेवनं त्याचं मनगट धरलं.  फक्त धरून ठेवलं, घट्ट, जत्रेत लहान पोर धरतं तसं.

तेवढ्यात अंगणातून एका बहिणीची हाक आली. “दादा, पाट मांडलाय, सगळे खोळंबलेत! या की लवकर, मुहूर्त टळतोय!”

सुकदेवची बोटं सैल पडली. “जा, दादा.”

रंगनाथ अर्धा उठला. त्याच्या जन्मात या घरची पूजा एकदाही चुकली नव्हती. त्यानं मायकडे पाहिलं.

माय म्हणाली, “टळू दे.”