साळूच्या हाताची खपली

केरोबा महाराज तेव्हा सावरखेड्यात मारुतीच्या देवळात राहत होते. त्यांचा नैवेद्य साळू कोष्टीण रांधी. तिच्या हातची साधी भाकरी महाराज ‘गोड केलीस हो!’ म्हणून मिटक्या मारत खात, आणि तुळजाबाई पाटलिणीच्या पोटात दुखू लागे. तिच्या तूपभरल्या ताटातला एक घास घेऊन ते ताट महाराज मुलांत वाटून टाकत. मत्सर फार वाईट! बाईची झोप उडाली.

दत्तजयंती जवळ आली आणि भोपळा चिरताना विळीवर साळूचा तळहात कापला. जखम उघडी असेल त्या हाताने नैवेद्य रांधायचा नाही, हा गावचा नेम. पाटलिणीला संधीच मिळाली. रोज सकाळी ती मोठ्या मायेने साळूकडे जाई. “अगं, खपलीखाली पू कोंडतो. दे, काढते.” भोळी साळू हात पुढे करी. जखम पुन्हा ओली होई. आणि विहिरीवर हीच पाटलीण हसे, “महाराजांची मोठी लाडकी! साधी जखम बरी करता येईना त्यांना?”

जयंतीच्या सकाळीही खपली निघाली, रक्त आलं. साळू हाताला फडकं बांधून रडत देवळाच्या पायरीशी बसली. पाटलीण पुरणपोळीचं ताट घेऊन मिरवत आली.

ताट घ्यायला महाराजांनी हात पुढे केला. तळहातावर लालभडक ओली जखम होती! पाटलिणीने ताट खाली ठेवलं.

महाराज म्हणाले, “साळू, फडकं सोड बघू.”

साळूने फडकं सोडलं. आत कोवळी गुलाबी कातडी आली होती.

“बाई,” महाराज पाटलिणीला हळूच म्हणाले, “खपली हे देवाने घातलेलं झाकण. त्याखाली काठाकाठाने नवी कातडी येते, तिला वेळ लागतो. तू रोज ते उपटलंस. आज फार दुखलं गं.”

“महाराज, जळत होते हो मी! तिच्यावर जळत होते!” पाटलीण ओक्साबोक्शी रडू लागली. “हीही जखम आत्ता भरून टाका ना!”

“नाही. ही सावकाश भरेल. तोवर साळू रांधील, तू तिला भाजी चिरून द्यायची.”

पुढे रोज पाटलीण साळूशेजारी विळीवर बसे आणि नैवेद्य नेताना महाराजांचा तळहात निरखी. खपली धरली, काळी पडली, एके दिवशी आपोआप गळली. खाली बारीकसा वण होता. पाटलिणीने आधी साळूचे पाय धरले, मग त्या वणावर कपाळ टेकलं.